सगळ्यांवर खर्च करूनही नाराज : एका पंधरा वर्षांच्या मुलाचं प्रकरण

"देण्यात आनंद असतो म्हणतात ना मॅडम? हा तर हातातला सगळा पैसा दुसऱ्यांवरच घालवतो. मग घरी आला की तोंड पाडून का बसतो?"

आईचा प्रश्न रागातून आलेला होता, पण तो अगदी नेमका होता. या मुलासोबत पुढे जे काम झालं ते सगळं त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं. वयात येणाऱ्या मुलांशी पैशांबद्दल आपण बहुतेक वेळा दोनच गोष्टी बोलतो: उधळू नकोस, आणि दुसऱ्याचाही विचार कर. हा मुलगा दुसऱ्याचा विचार करताना दिसत होता आणि तरीही नाराज होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगा १५ वर्षांचा, नववीत. त्याच वर्षी शाळा बदललेली. घरी आईवडील आणि कॉलेजात शिकणारी मोठी बहीण. दर महिन्याला ठरलेला पॉकेटमनी मिळायचा. शिवाय वाढदिवसाला नातेवाइकांनी दिलेली रक्कम साठवलेली होती आणि ती वापरायची त्याला मुभा होती. महिना अर्धा संपायच्या आत पॉकेटमनी संपायचा. मग साठवलेल्या पैशांना हात लागला. तेही संपले तेव्हा त्याने बहिणीच्या पर्समधून न विचारता पैसे घेतले. ते तिच्या लक्षात आलं आणि घरात स्फोट झाला.

आईचं मत होतं की पॉकेटमनी बंद करावा. वडिलांना ते पटत नव्हतं. "पोरगं दिलदार आहे, त्याला कंजूस बनवू नका," हे त्यांचं म्हणणं. दोघांचंही चित्र अर्धंच होतं, कारण पैसे नेमके कशावर गेले हे कुणी त्याला शांतपणे विचारलंच नव्हतं.

आधी बाकीच्या गोष्टी तपासल्या. झोप, भूक, अभ्यास, मित्रांकडून धमक्या किंवा खंडणीसारखा प्रकार, व्यसन, ऑनलाइन जुगार. मुलाचे पैसे असे वाहून जात असतील तर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. इथे त्यातलं काही नव्हतं. मूड उतरलेला होता, पण उपचार लागतील असं नैराश्य दिसत नव्हतं.

पैसे कुठे जात होते

मी त्याला हिशेब लिहायला सांगितला नाही. हिशेब मागितला की या वयातली मुलं तो आपल्याला दाखवण्यासाठी लिहितात. त्याऐवजी मोबाइलमध्येच खर्चाखाली तीन ओळी लिहायच्या असं ठरलं: काय घेतलं, ही कल्पना कोणाची, आणि रात्री झोपताना त्याबद्दल काय वाटलं. तिसरी ओळ रात्रीच लिहायची, हा आग्रह मी धरला. खर्चाच्या क्षणी जवळजवळ प्रत्येक गोष्ट छान वाटते. सहा-आठ तासांनी काय उरतं, ते मला हवं होतं.

नोंदी वाचताना चित्र हळूहळू उलगडत गेलं.

सर्वांत जास्त पैसे नव्या शाळेतल्या एका ग्रुपवर जात होते. शाळा सुटल्यावर सगळे मिळून खायचे आणि बिल बहुतेकदा हा द्यायचा. एका ऑनलाइन गेममध्ये त्याची टीम होती, तिच्यातल्या मुलांना त्याने स्किन घेऊन दिल्या होत्या. (ज्यांच्या घरी कुणी असे गेम खेळत नाही त्यांच्यासाठी: स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचा दिखाऊ पेहराव. त्याने खेळ सुधारत नाही, फक्त इतरांना तो दिसतो.) या खर्चांपुढे दुसऱ्या ओळीत "कोणी तरी म्हणालं", "सगळे म्हणत होते", "मीच बोललो, पण म्हणावं लागलं" असं लिहिलेलं. तिसऱ्या ओळीत एकदा त्याने लिहिलं होतं, "उद्या पण मलाच विचारतील."

स्वतःवरचे खर्चही होते. नवे हेडफोन घेतले तेव्हा दोन-तीन रात्री मजेच्या नोंदी आहेत, मग लगेच ग्रुपमधल्या एकाकडे याहून भारी आहेत अशी नोंद. पण स्वतःवरचाच आणखी एक खर्च होता, तो वेगळा वागला. घरी बहिणीची जुनी गिटार पडून होती, तिला त्याने नव्या तारा आणून लावल्या. तारा ग्रुपला माहीतही नव्हत्या. पुढच्या कितीतरी नोंदींत, दुसऱ्याच खर्चाबद्दल लिहिता लिहिता, मध्येच "आज वाजवली" असं येत राहिलं.

आणि एक खर्च त्याने जवळजवळ लपवूनच लिहिला होता. तो संध्याकाळी फुटबॉल खेळायचा. तिथे त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान मुलगा गोलकीपर होता, त्याचे ग्लोव्हज फाटलेले. याने एका मोठ्या खेळाडूकडून वापरलेले पण चांगले ग्लोव्हज विकत घेऊन त्याला दिले. कल्पना कोणाची? "माझी." रात्री काय वाटलं? "त्याने दोन गोल अडवले." बस, एवढंच. भावना विचारली होती आणि त्याने गोल लिहिले. मला ती सगळ्यात बोलकी नोंद वाटली.

अभ्यास काय सांगतात

दुसऱ्यांवर खर्च केल्याने आनंद वाढतो, या विधानामागे भक्कम काम आहे. २००८ साली एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन संध्याकाळी पाचपर्यंत खर्च करायला सांगितलं होतं. काहींनी स्वतःवर करायचे, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी निघाले, आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. वेगळ्या विद्यार्थ्यांना आधीच अंदाज करायला सांगितला तेव्हा बहुतेकांनी उलटं सांगितलं: स्वतःवर खर्च केला तर जास्त आनंद होईल, आणि २० डॉलरने ५ पेक्षा जास्त. २०१३ मध्ये याच दिशेने १३६ देशांची माहिती तपासली गेली आणि त्यांतल्या १२० देशांत देणं आणि समाधान यांचा सकारात्मक संबंध आढळला. दोन वर्षांखालची बाळंही स्वतःला खाऊ मिळण्यापेक्षा आपल्यातला खाऊ बाहुलीला देताना जास्त हसरी दिसली, असं २०१२ च्या एका अभ्यासात नोंदवलं आहे.

पण हेच संशोधक पुढे स्वतःच्या निष्कर्षाला कठोरपणे तपासत गेले आणि मला त्यांच्या कामातला तोच भाग मोलाचा वाटतो. २०२० मध्ये त्यांनी पद्धत आधी जाहीर करून मोठ्या संख्येवर प्रयोग केले. प्रत्यक्ष वस्तू विकत घेऊन आजारी मुलाला देण्याच्या प्रयोगात ७१२ जण होते आणि तिथे परिणाम टिकला. जुना खर्च नुसता आठवायला सांगितलेल्या प्रयोगांत मात्र तो बराच लहान निघाला. म्हणजे दिलं की आनंद झालाच, असा यांत्रिक नियम नाही. कशा परिस्थितीत दिलं, यावर खूप काही अवलंबून आहे.

त्या परिस्थितीचे तीन धागे या प्रकरणात मला उपयोगी पडले.

एक म्हणजे माणसाची सोबत. एका प्रयोगात लोकांना कॉफीच्या दुकानाची १० डॉलरची गिफ्ट कार्डं दिली होती. काहींनी ते कार्ड दुसऱ्याला देऊन टाकायचं होतं, काहींनी दुसऱ्याला सोबत नेऊन त्याच्यासाठी वापरायचं होतं, काहींनी स्वतःसाठीच. सर्वांत आनंदी ठरले ते दुसऱ्यासाठी खर्च करून त्याच्यासोबत वेळ घालवणारे. दुसरा धागा परिणाम दिसण्याचा. दर १० डॉलरला एक मच्छरदाणी असं स्पष्ट सांगणाऱ्या संस्थेला देताना रक्कम वाढली तसा देणाऱ्यांचा आनंद वाढला. एका मोठ्या संस्थेच्या सर्वसाधारण निधीत पैसे टाकताना असं झालं नाही.

तिसरा धागा स्वेच्छेचा, आणि किशोरवयात हाच सगळ्यात आधी तुटतो. नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० मध्ये दाखवलं की स्वतःला वाटलं म्हणून केलेल्या मदतीने मदत करणाऱ्याला बरं वाटतं, आणि घेणाऱ्यालाही. दबावाखाली केलेल्या मदतीत तो लाभ दिसत नाही.

आता या मुलाच्या नोंदी त्याशेजारी ठेवून पाहा. ग्रुपचं बिल भरताना सोबत होती, परिणामही दिसत होता, सगळे खात होते. नव्हती ती स्वेच्छा. तो देत नव्हता, तो ग्रुपमधल्या आपल्या जागेचं भाडं भरत होता. भाडं भरून समाधान वाटत नाही, फार तर सुटका वाटते, आणि पुढच्या महिन्याची तारीख डोक्यावर असतेच. बाहेरून पाहणाऱ्याला हा खर्च आणि ग्लोव्हजचा खर्च एकाच रकान्यात पडतो: 'दुसऱ्यांवर'. आई, वडील आणि आपण सगळे त्याच रकान्यामुळे फसलो होतो.

हे याच वयात इतकं का होतं?

यावर थोडं थांबायला हवं, कारण "मित्र वाईट आहेत" हा निष्कर्ष आईने केव्हाच काढला होता आणि तो मला मान्य नव्हता. ग्रुपमधली मुलं त्याला लुटत नव्हती. ती १५ वर्षांची होती, कोणी तरी देतंय तर खात होती.

लान चॅप्लिन आणि डेबोरा रोडर जॉन यांनी २००७ मध्ये ८-९, १२-१३ आणि १६-१८ या तीन वयोगटांची तुलना केली. वस्तूंमधून सुख शोधण्याची ओढ १२-१३ व्या वर्षी सर्वाधिक होती आणि १६-१८ पर्यंत कमी झालेली दिसली. मुलांचं स्वतःबद्दलचं मत बरोबर उलट्या दिशेने चालत होतं: १२-१३ ला सगळ्यात खाली. सोबत्यांनी आपल्याबद्दल लिहिलेल्या चांगल्या गोष्टी वाचायला मिळाल्या की ही वस्तूंची ओढ कमी व्हायची. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये वेगळ्याच बाजूने हेच दाखवलं. गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना जितकी जोखीम घेत, त्याहून बरीच जास्त सोबती पाहत असताना घेत. मोठ्यांवर सोबत्यांच्या नजरेचा तसा परिणाम झाला नाही.

शाळा बदललेला मुलगा घ्या. आपल्याबद्दल कुणी काही चांगलं म्हणावं असा इतिहासच नव्या शाळेत त्याच्यामागे नाही. जुन्या शाळेत तो "गिटार वाजवणारा" होता, फुटबॉलमध्ये चांगला होता. इथे तो कुणीच नव्हता, आणि पाकीट उघडल्यावर तो कुणी तरी झाला. त्याने शोधलेला उपाय वेडगळ नव्हता, महाग होता.

काय केलं, आणि कुठे अडलं

पॉकेटमनी बंद करायचा नाही, यावर आईवडिलांना राजी करायला वेळ लागला. माझं कारण साधं होतं. स्वतःचे म्हणावे असे पैसेच नसतील, तर स्वेच्छेने द्यायचं काय? मात्र बहिणीचे पैसे परत करायचे, आणि तेही त्याच्याच पॉकेटमनीतून, हप्त्याने. वडिलांनी ते परस्पर देऊन टाकायची तयारी दाखवली होती. तेवढं न करण्याची विनंती मी केली.

मुलासोबत ग्रुपच्या बिलावर बरंच बोलणं झालं. "नाही कसं म्हणू? चिंधी म्हणतील," हे त्याचं पहिलं वाक्य. आम्ही नकाराची वाक्यं घोकली नाहीत. त्याला स्वतःलाच एक युक्ती सुचली: बिल आलं की सगळ्यात आधी आपला वाटा बोलून मोकळं व्हायचं, "माझे एवढे झाले." न कुरकुरता, न स्पष्टीकरण देता. पहिल्यांदा त्याला घाम फुटला, असं त्याने सांगितलं. बाकीच्यांनीही आपापले पैसे काढले. कुणी काही बोललंच नाही, याचं त्याला फार आश्चर्य वाटलं, आणि थोडं दुःखही झालं.

ते दुःख महत्त्वाचं आहे. इतके महिने आपण ज्या भीतीपोटी पैसे भरत होतो ती खरी नव्हती, हे कळणं सुखाचं नसतं.

ग्लोव्हजच्या बाबतीत मात्र दोन ठिकाणी गाडं अडलं.

पहिलं घरी. आईला ती गोष्ट कळली आणि तिला मनापासून आनंद झाला. तिने नातेवाइकांना फोन करून सांगितलं, शिवाय घरात योजना जाहीर केली: तू दुसऱ्यासाठी जितके खर्च करशील तितके मी वरून देईन. हेतू उत्तम. पण पुढचे काही आठवडे त्याच्या नोंदींत दुसऱ्यांसाठी एकही खर्च नाही. विचारलं तर म्हणाला, "आता काही दिलं तरी ते आईसाठीच दिल्यासारखं होतं."

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग मी आईला सांगितला. मदत केल्यावर ज्यांना खेळण्यासारखं बक्षीस मिळालं, ती बाळं पुढे मदत करायला कमी सरसावली. ज्यांचं फक्त तोंडी कौतुक झालं किंवा ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांची मदत कमी झाली नाही. आईने विचारलं, "म्हणजे कौतुकही करायचं नाही का?" करायचं, नक्की करायचं. पण त्याच्याजवळ, एकदा, आणि त्याचं प्रदर्शन न मांडता. बक्षिसाची योजना तिने मागे घेतली. नातेवाइकांचे फोन थांबायला थोडा वेळ लागला.

दुसरा अडथळा जास्त अवघड होता, आणि त्याबद्दल संशोधनात मला फारसं तयार उत्तर सापडलं नाही. त्या लहान गोलकीपरच्या आईने ग्लोव्हज परत पाठवले. निरोप कडक नव्हता: "आमच्या मुलाला आम्ही घेऊन देऊ." मुलगा हादरला. आपण काही वाईट केलं का, हा त्याचा प्रश्न होता.

देणाऱ्याच्या आनंदावर इतकं लिहिलं जातं की घेणाऱ्याच्या मानाचा विषय कोपऱ्यात राहतो. त्या आईचं वागणं मला पूर्ण समजतं. आपल्या मुलाला दुसऱ्याच्या मुलाकडून वस्तू घ्यावी लागणं तिला खुपलं, आणि खुपायचा तिला हक्क होता. मी मुलाला तेच सांगितलं: तू वाईट केलं नाहीस, पण घेणाऱ्याच्या घरात ते कसं दिसेल याचा विचार राहून गेला होता. आणि हाच विचार ग्रुपचं बिल भरतानाही राहून जात होता. रोज फुकट खाणाऱ्या मुलांपैकी कुणाला तरी ते टोचत असणारच. यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक जण हल्ली येतच नाही आमच्यासोबत."

ग्लोव्हजवर त्याने काढलेला तोडगा मला सुचला नसता. त्याने ते टीमच्या सामानाच्या बॅगेत टाकले. जो गोलमध्ये उभा राहील त्याने घालायचे. बहुतेक वेळा तोच लहान मुलगा उभा राहतो. कोणी दिले, हा प्रश्नच उरला नाही, आणि रात्रीच्या नोंदींत अडवलेले गोल पुन्हा दिसू लागले.

सध्याची स्थिती

तो आनंदी झाला, असं मी लिहिणार नाही. मूड पूर्वीपेक्षा स्थिर आहे, खोलीचं दार कमी वेळा बंद असतं. ग्रुपमधले दोघे हळूहळू दूर झाले आणि त्याचा त्याला त्रास झाला. जो यायचा थांबला होता त्याच्याशी आता त्याची खरी मैत्री आहे. बहिणीचे पैसे फिटले. शेवटचा हप्ता तिने घ्यायला नकार दिला, तर त्याने तो हट्टाने तिच्या हातात ठेवला.

स्वतःवरचे खर्चही तो करतो, आणि त्याबद्दल त्याच्या मनात अपराधी भावना पेरली जाऊ नये याची मी काळजी घेतली. दुसऱ्यावर खर्च करणं चांगलं आणि स्वतःवर करणं हलकं, अशी विभागणी या मुलाच्या नोंदींतून निघत नाही. गिटारच्या तारा स्वतःसाठीच होत्या आणि त्या टिकल्या. स्किन दुसऱ्यांसाठी होत्या आणि त्या टोचत राहिल्या. देण्याला किशोरवयात खरं वजन आहे, हे मी मानते. ईवा टेल्झर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात ३९ किशोरवयीनांना वर्षभर तपासलं होतं. घरच्यांसाठी पैसे देताना ज्यांच्या मेंदूतलं सुखाशी निगडित केंद्र जास्त सक्रिय होत होतं, त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं वर्षभरात कमी झाली. स्वार्थी निवड करताना आणि जोखीम पत्करताना ज्यांच्यात ते जास्त सक्रिय होत होतं, त्यांच्यातली लक्षणं वाढली. गट लहान आहे आणि त्यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. पण देताना आतून काय होतं हे मोजलं गेलं, नुसतं दिलं की नाही एवढंच नाही, म्हणून मला तो अभ्यास या प्रकरणाच्या जवळचा वाटतो.

एक प्रश्न अजून खुला आहे. गेममधल्या टीमला तो अधूनमधून स्किन देतोच. आता "कल्पना कोणाची?" या ओळीत "माझी" लिहितो. ती खरंच त्याची आहे, की त्याला उत्तर काय लिहायचं ते कळलं आहे, हे मला नक्की सांगता येत नाही. पुढच्या भेटीत मी त्याला तिसरी ओळ मोठ्याने वाचून दाखवायला सांगणार आहे.